सोपी चाल, श्रीमंत साज

(फर्दापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



स्मृती व्याख्यानमालेत विषय भारदस्त असावा असा संकेत आहे. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘एका जुन्या हिंदी विनोदी चित्रपटाचे संगीत’ असे सांगितले. फोनवर पलीकडून जरा उशिरानेच ‘चालेल’ असे उत्तर आले. त्या उशिराचे कारण मला समजते. गावापासून पाच-एक किलोमीटरवर जगाने डोक्यावर घेतलेली अजिंठ्याची लेणी. लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ या काळातल्या हिवाळ्यांत तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आल्या, तेव्हा त्यांचा तळ याच फर्दापुरात होता आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत तरुण नंदलाल बोस होते. अशा गावात येऊन भगवानदादांच्या नाचावर बोलायचे, हे धाडसच. पण माझ्या विषयाचा लेण्यांशीही एक धागा आहे. तो वाटेत येईल.

चित्रपट आहे १९५१ चा ‘अलबेला’. दिग्दर्शक आणि नायक भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. नायिका गीता बाली. गीते राजेंद्र कृष्ण यांची. संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर यांचे. दिग्दर्शक मराठी, संगीतकार मराठी आणि चित्रपट हिंदी. मुंबईने अशा जोड्या पुष्कळ पाहिल्या. या जोडीने मात्र विनोदी चित्रपटाच्या संगीतात एक गोष्ट करून दाखवली, ती मला आज तुमच्यापुढे मांडायची आहे. एका वाक्यात सांगतो, मग सविस्तर बोलू. ‘अलबेला’चे संगीत आपल्या विनोदी नायकाला हसत नाही. त्याची चाल कोणालाही गाता येईल इतकी सोपी आहे आणि तिच्याभोवतीचा साज एखाद्या राजपुत्राला शोभेल इतका श्रीमंत आहे. त्या चित्रपटाची सगळी जादू या दोन गोष्टींच्या मेळात आहे.

कथा आधी थोडक्यात. प्यारेलाल हा साधा कारकून. घरात निवृत्तीला आलेले वडील, लग्नाची बहीण, हुंड्याची जुळवाजुळव. प्यारेलालचे लक्ष मात्र नाटकाच्या रंगमंचाकडे. घरात बोलणी बसतात, तो घर सोडतो. नाव कमावल्याशिवाय परत येणार नाही, असे सांगून निघतो. रंगमंचावर आशा नावाची नटी त्याला भेटते, दोघांची जोडी जमते, पैसा येतो. घरी पाठवलेले पैसे मात्र घरापर्यंत पोचतच नाहीत. पुढचा भाग रडवणारा आहे. विनोदी म्हणून ओळखला जाणारा हा चित्रपट निम्मा तरी कौटुंबिक दुःखाचा आहे, हे पुन्हा पाहताना लक्षात येते. ‘आवारा’ आणि ‘बाझी’ही त्याच वर्षीचे. एकीकडे राज कपूर यांचा भटक्या, दुसरीकडे देव आनंद यांचा जुगारी, आणि या दोघांच्या शेजारी आमचा बुटका, जाडसर, गोलमटोल कारकून. ‘बाझी’त देव आनंदबरोबर शोभलेली गीता बालीच त्याच्याही बरोबर नाचते आणि प्रेक्षकाला त्यात काही खटकत नाही. ते का खटकत नाही, याचे उत्तर संगीतात आहे.

भगवानदादा हे गिरणी कामगाराचे पोर. अंगमेहनत, कुस्ती आणि मूकपटांचे वेड यांत ते वाढले. मूकपटातच त्यांनी पडद्यावर पाऊल टाकले. १९३८ साली त्यांनी चंद्रराव कदम यांच्या साथीने ‘बहादुर किसान’ दिग्दर्शित केला आणि पुढची दहा-अकरा वर्षे ते कमी खर्चाचे स्टंटपट काढत राहिले. मारामाऱ्या, पाठलाग, उड्या, मध्येच एखादा नाच. इंग्रजी वर्तमानपत्रांचे समीक्षक या चित्रपटांकडे फिरकत नसत. परळ-लालबागच्या कामगाराला मात्र ते हवे असत, कारण पडद्यावरचा माणूस त्याच्यासारखाच दिसायचा आणि त्याच्यासारखाच मार खायचा. १९४२ मध्ये भगवानदादांनी ‘जागृती पिक्चर्स’ ही संस्था काढली, १९४७ मध्ये चेंबूरला ‘जागृती स्टुडिओ’ उभा केला. मारामारीचे चित्रपट सोडून एखादा सामाजिक चित्रपट काढा, असा सल्ला त्यांना राज कपूर यांनी दिला, असे सांगतात. तो चित्रपट म्हणजे ‘अलबेला’.

आता संगीतकाराकडे येऊ. चितळकर अण्णांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. पुणतांबे म्हणजे चांगदेवांच्या समाधीचे गाव, गोदावरीच्या काठी. नदी ओलांडली की आपला वैजापूर तालुका लागतो. म्हणजे ज्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत ते तसे शेजारचेच. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. पडद्यावर नायक होऊन पाहिले, ते जमले नाही. मग सोहराब मोदींच्या ‘मिनर्व्हा मूव्हीटोन’मध्ये पेटी वाजवायला लागले. ख्याल गाणाऱ्या बुवांचा शिष्य, पेटीवादक, फसलेला नट. पुढे संगीतकार झाल्यावर या तिन्ही गोष्टी त्यांच्या कामी आल्या.

संगीतकार म्हणून पहिली संधी त्यांना भगवानदादांनीच दिली, आणि तीही तमिळ चित्रपटांत. ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ हे ते चित्रपट. परळचा माणूस मद्रासचे चित्रपट काढतो, त्यांना पुणतांब्याचा माणूस संगीत देतो आणि तमिळ दोघांनाही येत नाही. १९४२ च्या ‘सुखी जीवन’ने अण्णांचे हिंदीतले काम सुरू झाले, तेही भगवानदादांबरोबर. स्टंटपटांना ते ‘राम चितळकर’, ‘अण्णासाहेब’ अशी वेगवेगळी नावे लावत. ‘सी. रामचंद्र’ हे नाव त्यांनी प्रतिष्ठेच्या चित्रपटांसाठी राखले होते आणि गायक म्हणून ते नुसते ‘चितळकर’ होते. एकाच माणसाची ही सगळी नावे त्या काळच्या चित्रपटधंद्यातली प्रतवारी नेमकी दाखवतात. ‘अलबेला’ला त्यांनी आपले वरच्या प्रतीचे नाव लावले.

त्याआधी १९४७ च्या ‘शहनाई’ने गोंधळ उडवलेला होता. त्यातल्या रविवारच्या गाण्यात त्यांनी गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ वापरली. देशभर ते गाणे गाजले आणि हे काय थिल्लर चालले आहे, अशी बुजुर्गांनी तक्रारही केली. १९४९ च्या ‘पतंगा’त रंगूनच्या टेलिफोनचे गाणे आले, पडद्यावर गोप आणि निगार सुलताना, आवाज शमशाद बेगम आणि स्वतः चितळकर यांचे. १९५० च्या ‘समाधी’त लॅटिन अमेरिकेच्या धाटणीचे गाणे आले. अण्णांच्या हातात पाश्चात्त्य वाद्यमेळ खेळू लागला होता. मागाहून याच माणसाने ‘अनारकली’ला संगीत दिले आणि १९६३ साली दिल्लीत लता मंगेशकरांनी गायलेल्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’लाही. तेव्हा उडती गाणी करणारा म्हणून त्यांना कमी लेखणाऱ्यांनी जरा जपून बोलावे.

आता ‘अलबेला’ची गाणी. सगळी मिळून अकरा-बारा आहेत. गोष्टच रंगमंचावर घडते, त्यामुळे बरीच गाणी नाटकातला कार्यक्रम म्हणून येतात. त्यांना वेगळे निमित्त लागत नाही. पण या गाण्यांपुढे एक अडचण होती. नायक नर्तक नव्हता. भगवानदादांचे शरीर पैलवानी होते. गिरक्या, उड्या, पदन्यास त्यांच्या वाट्याचे नव्हते. मग त्यांनी नाच कमी करत करत हाडापर्यंत आणला. कोपरातून वाकवलेले हात, किंचित उचललेले खांदे, कमरेची सावकाश हालचाल, दोन पावले पुढे, दोन मागे, आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद. बस्स. अमिताभ बच्चन यांच्या नाचात ही धाटणी पुढे अनेकांना दिसली.

अण्णांनी गाण्याची चाल या शरीराच्या मापाने शिवली. ‘भोली सूरत’ हे गाणे कान देऊन ऐका. गायकाची ओळ छोटी असते, पल्ला थोडाच. ओळ संपली की वाद्यमेळ तिला उत्तर देतो. गायक थांबतो तेवढ्यात ट्रंपेट आणि बाकीची मंडळी बोलतात आणि नेमक्या त्या जागेत भगवानदादांचे खांदे हलतात. नाचाला लागणारी जागा चालीतच मोकळी ठेवलेली आहे. लय चालणाऱ्या माणसाची, धावणाऱ्याची नाही. दिवसभर उभे राहून काम केलेल्या माणसालाही संध्याकाळी त्या लयीत पाय टाकता येतात.

‘शोला जो भडके’मध्ये हीच युक्ती आणखी धीट होते. नाच हवाई बेटांच्या थाटाचा, गळ्यात माळा, कमरेला झालरी. वाद्यांत बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन. नावे ऐकली तर वाटेल, आता कानठळ्या बसणार. प्रत्यक्षात गाणे संथ आहे, डोलते आहे. बोंगोचा ठेका हळू चालतो आणि लताबाई व चितळकर यांचे आवाज त्यावर आरामात बसतात. वाद्ये महागडी, घाई कुठेच नाही. दुसरा एखादा संगीतकार असता तर असा साज मिळाल्यावर त्याने लय वाढवली असती आणि भगवानदादांची पुरती दमछाक झाली असती.

‘शाम ढले’मध्ये खिडकीखाली शीळ वाजवणारा तरुण आहे आणि त्याला दटावणारी मुलगी आहे. शीळ हे फुकटचे वाद्य. पेटी घेता येत नाही त्याच्याकडेही ती असते. ती गाण्यात आली आणि पोरांनी रस्त्यावर नेली. ‘किस्मत की हवा’ चितळकरांनी एकट्याने गायले आहे. विषय नशिबाच्या चढउताराचा, चाल मात्र उड्या मारत जाणारी. रिकाम्या खिशाने शीळ घालत जाणाऱ्या माणसाचे ते तत्त्वज्ञान आहे. त्याचे शब्द लिहिणारे राजेंद्र कृष्ण स्वतः सिमल्याच्या नगरपालिकेत कारकून होते. प्यारेलालच्या टेबलावरची धूळ त्यांना ठाऊक होती.

आणि मग ‘धीरे से आजा री’. ही पिलूच्या वळणाची अंगाई. इतक्या धांगडधिंग्याच्या चित्रपटात ही कुठून आली, असा प्रश्न पडतो. माझ्या मते बाकीच्या गाण्यांना वजन देणारे गाणे हेच. प्यारेलाल ज्या घरातून निघाला ते घर आपल्याला या अंगाईत ऐकू येते. इथे बोंगो नाही, ट्रंपेट नाही. विनायकबुवांच्या शिष्याने इथे पिलूच्या त्या दोन गंधारांवर आणि दोन निषादांवर भरवसा ठेवला आहे. एका चित्रपटात दोन वेगळे आवाज: एक रंगमंचाचा, एक घराचा. प्यारेलाल या दोहोंच्या मध्ये ओढला जातो आणि पटकथेने सांगायच्या आधी हे संगीताने सांगितलेले असते.

गायकाच्या आवाजाचेही तसेच. नायकासाठी मोठा गळा आणणे अण्णांना अवघड नव्हते. त्यांनी बहुतेक गाणी स्वतःच गायली. त्यांचा आवाज हलका होता, बोलण्याच्या जवळचा. ताना नाहीत, मुरक्या जेमतेम. पडद्यावरच्या प्यारेलालच्या तोंडी तो आवाज खरा वाटतो, कारण प्यारेलाल गायला लागला तर असाच गाईल. आणि ऐकणाऱ्यालाही वाटते, एवढे तर मलाही येईल. हे ‘मलाही येईल’ वाटायला लावणे फार कठीण असते. मोठे गाणे ऐकून आपण मान डोलावतो. हे ऐकून आपण गायला लागतो.

विनोदी चित्रपटाच्या पार्श्वसंगीताबद्दल इथे दोन शब्द. त्यात एक सोपी खोड असते. जाडा माणूस चालला की मागे जाड आवाजाचे वाद्य वाजवायचे, कोणी घसरला की झांज आपटायची, मूर्ख माणूस बोलला की बासरीने टुणकन उडी मारायची. इथे हसा, असे प्रेक्षकाच्या बरगडीत बोट घालून सांगणारे हे संगीत. चांगल्या संगीतकारांनी त्याला फाटा देण्याच्या वेगवेगळ्या वाटा काढल्या. आपल्याकडे १९३८ मध्येच मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे यांनी ‘ब्रह्मचारी’ हा विनोदी बोलपट मराठीत आणि हिंदीतही केला होता. दादा चांदेकर यांच्या संगीतातली त्याची गाणी विनोदाच्या ओघातच येतात. ‘अलबेला’नंतर, १९६२ च्या ‘हाफ टिकट’मध्ये सलील चौधरी यांनी एका युगुलगीतात पुरुषाचा आणि बाईचा असे दोन्ही आवाज किशोर कुमार यांच्याकडून गाऊन घेतले. १९६८ च्या ‘पडोसन’मध्ये तर पार्श्वगायन हाच विनोदाचा विषय झाला. खिडकीतला सुनील दत्त नुसते ओठ हलवतो, आडोशाला दडलेला किशोर कुमार गातो. हिंदी चित्रपट इतकी वर्षे जे झाकून करत होता, ते राहुल देव बर्मन यांच्या त्या गाण्याने उघड्यावर आणले. या सगळ्यांत ‘अलबेला’ची वाट निराळी. तिथे संगीत गंमत करतच नाही. नायक विचित्र दिसतो, विचित्र नाचतो, आणि वाद्यमेळ मात्र त्याला पूर्ण गांभीर्याने साथ करतो. म्हणून आपण आधी हसतो आणि थोड्या वेळाने त्याच्या बाजूचे होतो.

हा श्रीमंत साज केला कोणी? इथे मला एक नाव घ्यायचे आहे: चिक चॉकलेट. खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातले हळदोणे. ट्रंपेट वाजवायचे. मुंबईच्या हॉटेलांत त्यांचा जॅझ बँड होता आणि लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी सहायक आणि वाद्यवृंद रचनाकार म्हणून काम केले.

त्या वेळची कामाची पद्धत समजून घ्या, म्हणजे या नावाचे मोल कळेल. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा, सरगम त्याच्या डोक्यात. स्टुडिओत मात्र व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन घेऊन बसलेले वादक कागद वाचून वाजवायचे. त्यातले बरेच जण गोव्याचे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. मिसेसाठी शिकलेली ही विद्या पोटासाठी मुंबईला आली; रात्री हॉटेलात आणि दिवसा स्टुडिओत वाजू लागली. पेटीवरची चाल आणि वादकांपुढचा कागद यांमध्ये ज्या माणसाचे काम होते तो अरेंजर. कोणत्या ओळीनंतर कोणते वाद्य उत्तर देणार, व्हायोलिन कुठे चढणार, ट्रंपेट कुठे गप्प बसणार, हे तो लिहायचा. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यातली मोठी नावे. श्रेयनामावलीत त्यांना बहुतेक वेळा ‘सहायक’ म्हणून जागा मिळे, पुष्कळदा तीही नाही. ध्वनिमुद्रणाला गायक आणि सगळे वादक एकत्र बसत, मोजक्या मायक्रोफोनांपुढे. एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आणि तबकडीच्या एका बाजूवर मावायचे ते तीन-सव्वातीन मिनिटांत. भोली सूरतवाल्याचे खांदे हलायला जी रिकामी जागा मिळाली, ती अशा काटेकोर हिशेबातून काढलेली होती.

‘अलबेला’मध्ये एक विलक्षण गोष्ट घडते. ‘दीवाना परवाना’ या गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड स्वतः पडद्यावर येतात. झालरी लावलेले लॅटिन थाटाचे अंगरखे, हातात वाद्ये. नायक-नायिका नाचत असतात आणि त्यांना नाचवणारे समोर दिसत असतात.

मघाशी म्हटलेला लेण्यांचा धागा हा. १ क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचा पट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कितीएकांनी पर्यटकांना दाखवलाही असेल. राजाचे मन संसारात गुंतावे म्हणून दरबारात नाच चालला आहे. मधोमध नर्तकी, आणि तिच्याभोवती वाजवणाऱ्या स्त्रिया: कोणाच्या ओठाला बासरी, कोणाच्या हाती झांजा, कोणापुढे तालवाद्य. चित्रकाराने नर्तकीला जेवढ्या प्रेमाने रंगवले तेवढ्याच प्रेमाने साथीदारणींना रंगवले. त्यांचे चेहरे वेगवेगळे आहेत, बोटे वाद्यावर नेमक्या जागी आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला ठाऊक होते की साथ काढून टाकली तर नाच उरत नाही. हिंदी चित्रपटाने मात्र साथ करणाऱ्यांना सहसा पडद्याबाहेर ठेवले. १९५१ मध्ये एका स्टंटपटवाल्याने त्यांना गाण्यापुरते आत घेतले, याचे म्हणून मला कौतुक आहे.

ही गाणी आपल्या भागात आली तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. निजामी राजवट जाऊन तीन वर्षे झाली होती. घाट उतरून खाली आले की फर्दापूर, आणि पुढे लागलीच खानदेश. जत्रांतून तंबूचे सिनेमे फिरायचे, कनात लावून बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी करायचे, रीळ बदलताना अंधारात शिट्ट्या पडायच्या. पुढच्याच वर्षी बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. ते मराठी, आणि शास्त्रीय संगीताचे कडवे भक्त. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा सिलोनकडे फिरवला आणि १९५२ च्या डिसेंबरात तिथून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सरकारने दार लावले, लोक खिडकीतून ऐकत राहिले.

पण ‘अलबेला’ खेड्यापाड्यांत टिकवला तो रेडिओपेक्षाही बँडवाल्यांनी आणि बेंजो पार्ट्यांनी. सत्तर वर्षे उलटली तरी वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत ‘भोली सूरत’ वाजते आणि शर्टाच्या बाह्या सावरत कोणी तरी काका भगवानदादांसारखे खांदे हलवतात. असे का व्हावे? त्या काळातली शेकडो सुंदर गाणी बँडवर कधीच बसली नाहीत. एक कारण मला स्पष्ट दिसते. ही गाणी मुळातच ट्रंपेट वाजवणाऱ्या माणसाच्या हाताखालून गेलेली होती. क्लॅरिनेट कुठे, ट्रंपेट कुठे, हे त्यांच्या रचनेत आधीच ठरलेले. बँड मास्तरला नव्याने काही करावेच लागले नाही. त्याने आपल्या घरचीच वस्तू परत घेतली. दुसरे कारण चालीचे. छोटी ओळ आणि तिला उत्तर, हा घाट आपल्या भजनात आहे, गोंधळात आहे, तमाशात झीलकऱ्यांच्या तोंडी आहे. एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे. हवाई बेटांचा वेष करून आलेले गाणे आतून या मातीच्या सवयीचे होते, म्हणून पाहुण्यासारखे वागले नाही.

पुढची हकीकत आनंदाची नाही. ‘अलबेला’च्या यशानंतर १९५३ मध्ये ‘झमेला’ आला, १९५६ मध्ये किशोर कुमार यांच्याबरोबर ‘भागम भाग’. तो बहर पुन्हा आला नाही. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारी गेल्या. भगवानदादा दादरच्या चाळीत राहायला आले आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांत मिनिटा-दोन मिनिटांचा आपलाच नाच करत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते त्याच दादरमध्ये गेले. भर ओसरल्यावर चाळीत येत राहिलेल्यांत सी. रामचंद्र आणि राजेंद्र कृष्ण होते, असे सांगतात. गीता बाली १९६५ मध्येच देवीच्या साथीने गेल्या होत्या, चिक चॉकलेट १९६७ मध्ये, अण्णा १९८२ मध्ये. २०१६ साली ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. मंगेश देसाई यांनी भगवानदादा उभे केले, विद्या बालन यांनी गीता बाली. त्या निमित्ताने नव्या पिढीने मूळ गाणी शोधून ऐकली.

भगवानदादांच्या या उतरणीची गोष्ट आपण फार चवीने सांगतो: सात मोटारी होत्या आणि शेवटी चाळ. मला त्यात थोडा क्रूरपणा दिसतो. कामगाराचे पोर वर चढले आणि पडले, एवढ्याचीच मजा वाटते की काय? त्यापेक्षा ते काय ठेवून गेले ते पाहावे. ज्याला नाचता येत नाही, ज्याचे शरीर नायकाचे नाही, ज्याच्या खिशात फार काही नाही, त्याला चारचौघांत लाज न बाळगता नाचायची त्यांनी परवानगी दिली. एरवी महाराष्ट्रातला पुरुष नाचायला लाजतो. या एका गाण्याला तो लाजत नाही. आणि ही परवानगी एकट्या भगवानदादांनी दिलेली नाही. चाल सोपी ठेवणारे अण्णा, कारकुनाचे शब्द लिहिणारे राजेंद्र कृष्ण, कागदावर एकेक वाद्य बसवणारे हळदोण्याचे वाझ, आणि ज्यांची नावे कुठल्याच तबकडीवर नाहीत असे वीस-पंचवीस वादक, या सगळ्यांनी मिळून ती दिली आहे.

म्हणून शेवटी संयोजकांकडे एक मागणी करतो. वाजवणारी माणसे आपल्या समाजात वरातीला सर्वांत पुढे असतात आणि पंगतीला सर्वांत शेवटी. आपल्या सोयगाव-सिल्लोड पट्ट्यात आणि घाटाखालच्या जामनेर भागात म्हातारे क्लॅरिनेटवाले, ट्रंपेटवाले, बेंजोवाले अजून आहेत. कोणते गाणे कोणाकडून शिकले, वाद्य कुठून आणले, सुपारी किती मिळे, डीजे आल्यावर काय झाले, हे त्यांच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही, आणि आजवर त्यांना कोणी विचारलेले नाही. ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, त्यांचा ज्ञानावर विश्वास होता. ज्ञान पुस्तकातच असते, असा त्यांचा हट्ट नसावा. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर अशा एखाद्या बँड मास्तराला बोलवा. मिरवणुकीत वाजवायला नको. इथे, या खुर्चीवर बसून बोलायला बोलवा. पत्रिकेत त्याचे नाव पूर्ण छापा, अध्यक्षांच्या नावाएवढ्याच टाइपात. आणि मानधन वक्त्याचे द्या, वाजंत्र्याचे नको.